तिसऱ्या गाठीवरून

आमच्या गावातून सापगावच्या रस्त्याला लागायचं, तर पायवाट एका खाचरातून जाते. भात कापून झालं की त्या खाचरात रोज संध्याकाळी बॅटबॉल चालायचा, आणि खेळ चालू असताना तिथून जाणाऱ्या कुणालाही एक बॉल खेळल्याशिवाय पुढे जाता येत नसे. डोक्यावर गवताचा भारा असो, हातात दुधाची किटली असो, नाहीतर सासरी निघालेली नवी नवरी असो. खाचराचे मालक बांधावर आडवे उभे राहायचे आणि म्हणायचे, “वाट माज्या खाचरातून जाते. मी काय तिकीट मागत नाय. येक बॉल खेळा आन जावा.”

ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. अजूनही गावात त्यांचा विषय निघाला की माणसं हसायला लागतात. मीही हसते. पण माझं हसू अर्ध्यावरच अडतं, आणि ते का अडतं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

ते जमीन मोजणीच्या खात्यात शिपाई होते. मोजणी करणारे साहेब वेगळे. हे साखळीचं दुसरं टोक धरून काट्याकुट्यातून चालायचे, साहेब सांगतील तिथे खुंटी ठोकायचे. अख्खी नोकरी मुरबाड तालुक्यात, बरीचशी सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांत झाली. तरी गावात त्यांना सगळे ‘मोजणीदार’ म्हणायचे. म्हणायचे चिडवायला, पण त्यांनी ते मनावर घेतलं होतं. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो.

निवृत्त झाल्यावरही मोजणी काही सुटली नाही. आपलं पाऊल बरोबर अडीच फुटांचं आहे अशी त्यांची खात्री होती. कुणाच्या लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी मांडव पावलांनी मोजून काढायचे आणि मांडववाल्याला बाजूला घेऊन सांगायचे, “डाव्या अंगाला दीड हात कमी भरलाय तुजा.” काकूंचा जीव मेटाकुटीला यायचा. त्या माझ्या आईला म्हणायच्या, “ह्या मानसाला वाढायची पन सोय नाय गो. दोन भाकरी म्हनला आन तिसरी ताटात गेली, तर तिसरी उचलून परत टोपलीत. मंग उपाशी उठंल, पन दोन म्हंजे दोन.”

खेळाचे नियम त्यांचेच. विकेट म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा. बॅट जुन्या दाराच्या फळीची. बॉल रबरी, तो हरवला तर चिंध्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून केलेला. टाकताना हात खांद्याच्या वर गेला की बॉल रद्द. आणि या सगळ्याच्या वर काकांची दोरी. काथ्याची लांब दोरी होती ती, तिला तीन गाठी. एक टोक डब्यापाशी खुंटीला बांधायचं आणि दोरी ताणून जमिनीवर टाकायची. लहान मुलं बॅटिंगला आली की बॉल पहिल्या गाठीवरून टाकायचा. थोडी मोठी मुलं, बायका आणि म्हातारी माणसं दुसऱ्या गाठीवरून. तरण्याताठ्या गड्यांना तिसऱ्या. कोण कुठल्या गाठीचा हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरायचं, ज्याचं त्याला विचारून. एकदा ठरलं की मग रडारड चालत नसे. “माप आधी बदलायचं,” ते म्हणायचे, “खुंटी ठोकल्यावर नाय.”

खाचर गावठाण आणि आमची बुद्धवाडी यांच्या बरोबर मधे होतं. काका गावातले, कुणबी. सुरुवातीला गावातली पोरं एका बाजूला आणि वाडीतली दुसऱ्या बाजूला अशा पार्ट्या आपोआप पडायच्या. त्यात खेळापेक्षा खुन्नसच जास्त. काकांनी एक दिवस सगळ्यांना उंचीप्रमाणे एका रांगेत उभं केलं आणि एक इकडे, एक तिकडे अशी विभागणी केली. त्या दिवसापासून पार्ट्या तशाच पडल्या. सरपंचांचा पुतण्या आणि माझा दादा एका उंचीचे निघाले, पण शेजारी उभे राहिल्याने कायम एकमेकांच्या विरुद्ध, आणि त्याच भांडणातून त्यांची जन्माची दोस्ती झाली. काकांनी समतेवर भाषण वगैरे कधी केलं नाही. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, “रांग लावायला उंची बरी. डोळ्याला दिसते.”

मी पहिल्यांदा बॅट धरली तेव्हा सहा वर्षांची होते. दादाने आणलं होतं, म्हणजे आईने गळ्यात मारलं होतं. तुम्हाला माहीतच आहे, अशा बारक्या भावंडांना खेळात लिंबूटिंबू म्हणून घेतात. नुसतं आत घ्यायचं, पण त्यांचं काही धरायचं नाही. ती आऊट होत नाहीत आणि त्यांच्या रनाही मोजत नाहीत. पहिल्या गाठीवरून बॉल आला, मी डोळे मिटून बॅट फिरवली आणि मागे डबा वाजला.

“चल, आऊट,” काका म्हणाले.

“काका, ती लिंबूटिंबू हाय,” दादा म्हणाला. “तिला खेळू द्या.”

“कोन लिंबूटिंबू?” काकांनी इकडेतिकडे पाहिलं. “ही? हिला नाव नाय का?” दादाने माझं नाव सांगितलं. “मंग ती आऊट. पयल्या गाठीवरून टाकला का नाय? टाकला. डबा वाजला का? वाजला. झालं.”

मी भोकाड पसरलं आणि रडत घरी गेले. आई चिडली. एवढ्याशा पोरीला पहिल्याच बॉलला घरी पाठवतात, काय पण म्हातारा, म्हणाली. तेव्हा ते काही म्हातारे नव्हते. दिवेलागणीला ते स्वतः आमच्या दारात आले. आत आले नाहीत, पायरीखाली उभे राहिले.

“वयनी, पोरीला उद्या पाठवा.”

“कशाला? रडवायला?”

“रडू दे की. आज ती आऊट झाली म्हंजे आज ती खेळली. दादासंगं आली आसती आन नुसती बॅट फिरवून गेली आसती, तर तिला कोन इचारनार व्हतं?”

आईला ते किती समजलं कुणास ठाऊक. मला तेव्हा काहीच समजलं नाही. एवढं मात्र आठवतं की दुसऱ्या दिवशी मी दादाच्या आधी खाचरात जाऊन बसले होते. त्या मोसमात मी कितीतरी वेळा आऊट झाले आणि मला त्याचं कोण कौतुक. शाळेत, नात्यात, सगळीकडे मी कुणाची तरी बारकी होते. खाचरात मी डब्यासमोर उभी राहिले की सगळे जण मला आऊट करायला टपून बसायचे. यात केवढा मान आहे, हे ज्याला कधी तो मिळाला नाही त्यालाच कळेल.

झेल घ्यायला मला काकांनीच शिकवलं. बॉल वर गेला की आधी आवाज ऐकायचा, बॅटचा आवाज ठस्स आला की लांब जाणार, टप्प आला की जवळ. मग बॉलखाली जाऊन उभं राहायचं आणि हात मऊ ठेवायचे. “गरम भाकर घेतेस ना हातात, तशी घे,” असं सांगायचे. बारा-तेरा वर्षांची होईस्तोवर माझ्या हातातून बॉल सुटत नाही अशी माझी ख्याती झाली. वाडीतल्या पोरीला असं कुठल्या गोष्टीसाठी गावात ओळखणं हे तेव्हा लहानसहान नव्हतं.

त्यांच्या तिरसटपणाचे किस्से पुष्कळ. एकदा सरपंच चार माणसं घेऊन खाचरातून चालले होते. काकांनी बॅट पुढे केली. सरपंच हसत हसत उभे राहिले, पोरांना त्यांच्या माणसांनी खुणावलं, हळू टाका म्हणून. पण बॉल नेमका माझ्या हातात होता. डबा वाजला. सरपंच म्हणाले, “ही ट्रायल झाली. आता खरा टाक.”

“ट्रायल तुमच्या हापिसात,” काका म्हणाले. “हितं आऊट. चला, वाट मोकळी करा.”

पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्या घरासमोरच्या खांबावरचा दिवा काही दुरुस्त झाला नाही. लोक म्हणायचे, मोजणीदार, जरा नमतं घेतलं असतं. ते म्हणायचे, “कंदील हाय घरात.”

आता हे ऐकायला मजा येते, पण या स्वभावाने त्यांचं नुकसानही कमी झालं नव्हतं. सिद्धगडाखाली त्यांच्या मामांचं शेत होतं. शेजाऱ्याशी बांधाचा वाद, त्यात मोजणी आली, आणि साखळी धरायला नेमके भाचेबुवा. मामांनी आदल्या दिवशी कोंबडं कापलं आणि जेवताना हळूच सांगितलं, खुंटी फक्त हातभर पलीकडे. काकांनी कोंबडं खाल्लं आणि सकाळी खुंटी जिथे पाहिजे तिथे ठोकली. मामांनी मरेपर्यंत तोंड पाहिलं नाही. मी कॉलेजात असताना हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा विचारलं होतं, काका, वाईट नाही वाटलं?

“नाय वाटलं आसं कोन म्हनतंय? मामीच्या हातचं जेवान गेलं. दिवाळीला जायला घर रायलं नाय. लय वाईट वाटलं.” मग म्हणाले, “पन खुंटी हलवली आसती ना, तर ज्या ज्या दिवशी त्या बांधावरून गेलो आसतो, त्या त्या दिवशी वाटलं आसतं.”

मी तेव्हा मान डोलावली होती. कॉलेजातल्या मुली अशा वाक्यांना मान डोलावतातच.

लग्न होऊन मी आटगावला गेले, कल्याणला नोकरी लागली, पास, लोकल, डबे, पोरीची शाळा, यात माहेर रविवारपुरतं उरलं. काकू गेल्या. खाचराच्या अर्ध्या भागात काकांच्या पुतण्याने घर बांधलं. उरलेल्या अर्ध्यात काका रविवारी दोरी टाकायचेच. इतर दिवशी यायला आता कुणाला टाइम नव्हता. मुलांना शहापूरच्या टूर्नामेंटचं वेड लागलं होतं, पण काकांच्या दोरीचा मान म्हणून रविवारी तासभर सगळे यायचे. गडीमाणसं, नातवंडं, माहेरवाशिणी, सगळे.

त्यांची पंच्याहत्तरी उलटली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बॅट धरली की हात थरथरायचा. तरी स्वतःच्या बॅटिंगला बॉल तिसऱ्या गाठीवरून. त्यांच्याच नियमाने त्यांची गाठ दुसरी झाली होती, पण ते नुसतं विचारायला कुणी धजत नव्हतं. दादा मला म्हणाला, “गेले चार रविवार पयल्या बॉलला आऊट होतायत गो. बघवत नाय. मंग दोरी गुंडाळतात आन गपचूप बसून ऱ्हातात.”

त्या रविवारी मी लेकीला घेऊन गेले होते. ती आठ वर्षांची, आणि तिची पहिली बॅटिंग होती. काकांनी तिचं नाव विचारलं, गाठ विचारली, ती ऐटीत म्हणाली, “पहिली.” काकांनंतर तिचा नंबर लागला.

काका डब्यासमोर उभे राहिले. दादाच्या मुलाने तिसऱ्या गाठीवरून बॉल टाकला, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना आवाज आला, ठस्स. कित्येक महिन्यांत त्यांची बॅट बॉलला अशी लागली नव्हती. बॉल उंच चढला आणि मावळतीच्या बांधाकडे आला. त्या बांधावर मी उभी होते.

मला एक पाऊलही हलावं लागलं नाही. मी वर पाहत होते आणि माझ्या डोक्यात दादाचं बोलणं घुमत होतं. इतक्या दिवसांनी मारलाय, आता परत गपचूप बसणार. खेळू दे ना थोडं. काय जातं आपलं. मी हात वर केले आणि बॉल अगदी जवळ आल्यावर ते फाकवले. बॉल मधून गेला आणि मातीत पडला.

“नॉट आऊट!” सगळी पोरं ओरडली. टाळ्या वाजल्या. इतका आनंद झाला होता सगळ्यांना, की माझी चूक झाली असं क्षणभरही वाटलं नाही. लेकीने फक्त म्हटलं, “मम्मी, तू सोडलास.” मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

काका रन काढायला धावले नाहीत. बॅट हातात घेऊन ते सावकाश माझ्याकडे चालत आले. नेहमीची अडीच फुटी पावलं नव्हती ती.

“काय झालं गो?”

“निसटला, काका.”

“निसटला तर हाताचा आवाज येतो,” ते म्हणाले. “आवाज नाय आला.”

मला अजून आठवतं, पुतण्याच्या घरात कुणीतरी टीव्ही लावलेला ऐकू येत होता. त्यांनी मला शिवी दिली असती, ओरडले असते, तरी मी सोसलं असतं. त्यांनी बॅट डब्याला टेकवून ठेवली, खुंटी उपटली, दोरी कोपरावर गुंडाळली आणि घरी गेले. लेकीचा नंबर राहिला.

त्यानंतर ते खेळायला आले नाहीत. दोन रविवार पोरांनी बिनदोरीचा खेळ चालवला. सगळ्यांना एकाच अंतरावरून बॉल, तोही जोरात. बारकी पोरं बॉल आणायला उरली, बायका आपल्या वाटेने जाऊ लागल्या, आणि मग टूर्नामेंटवाली मुलंच तेवढी खेळू लागली. महिनाभरात तीही दुसऱ्या मैदानावर गेली. दादा म्हणायचा, म्हाताऱ्यानं उगाच मनाला लावून घेतलं. सगळं गाव तेच म्हणायचं. मला ठाऊक होतं की त्यांच्या खेळात एकाच माणसाला कधीतरी लिंबूटिंबू केलं गेलं, ते त्यांना, आणि करणारी मी. ज्यांनी मला सहाव्या वर्षी आऊट देऊन माणसात घेतलं, त्यांना मी त्यातून बाहेर काढलं. तेही सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवून.

आणि किती सोपं होतं दुसरं! खेळ सुरू व्हायच्या आधी जाऊन नुसतं विचारायचं होतं, काका, आजपासून दुसऱ्या गाठीवरून टाकू का? ते चिडले असते. चार दिवस बोलले नसते. पण त्यांचाच नियम होता, पाचव्या दिवशी मानला असता. माझ्यात विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून मी दया केली.

चैत्रात मी त्यांना भेटायला गेले. खरं काय ते सांगायचं असं घरून ठरवूनच निघाले होते. ते ओटीवर खाटेवर पडलेले होते, बरेच खंगलेले. माझा आवाज ओळखून उठून बसले. नोकरीचं विचारलं, फास्ट गाडी आटगावला थांबते का विचारलं, आईचे गुडघे विचारले. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन शब्द जुळवत होते. तेवढ्यात त्यांनीच विषय काढला. आवाजात राग नव्हता. उलट जरा आर्जव होतं, आणि ते मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

“त्या दिवशी काय झालं व्हतं गो? बॉल सुटला कसा?”

याहून सोपी वाट कुणी कुणाला करून देत नाही. त्यांना फक्त ऐकायचं होतं. “काका, मी मुद्दाम सोडला,” एवढे चार शब्द. मी त्यांच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले,

“ऊन डोळ्यांवर आलं, काका. दिसलाच नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “तू मावळतीच्या बांधावर व्हतीस ना?”

“हो,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. मावळतीच्या बांधावर उभं राहून खाचराकडे पाहिलं, की संध्याकाळचं ऊन पाठीवर येतं. त्या दिवशी ऊन कुणाच्या डोळ्यांवर असेल तर ते डब्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या, मोतीबिंदूच्या डोळ्यांवर होतं, आणि तशा उन्हात त्याने तो बॉल मारला होता. ज्या माणसाने जन्मभर दिशा धरून खुंट्या ठोकल्या, त्याला मी हे सांगत होते.

त्यांनी तोंड उघडलं. आता माप निघणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, निघावं असं वाटलं.

“आसंल,” ते म्हणाले. “येतं ऊन कदी कदी.”

मग त्यांनी लेकीची परीक्षा कधी संपते ते विचारलं. मी सांगितलं आणि चप्पल घालून निघाले. पाऊस सुरू व्हायच्या आधी ते गेले. त्यांनी कुणाचं खोटं चालवून घेतलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि ते माझं होतं.